मीटरमधला बॅटरीचा दिवा: ऑटो इलेक्ट्रिकचे काम शिकू लागलेल्यांसाठी

आयटीआय संपवून जळगावच्या एका गॅरेजमध्ये मी उमेदवारी करू लागलो, तेव्हा मीटरमधला बल्ब बदलणे हे मला किरकोळ काम वाटत असे. चोपड्याकडे फेऱ्या करणारी एक जुनी डिझेल जीप बॅटरी उतरते म्हणून आली आणि मी थेट अल्टरनेटर, म्हणजे आमच्याकडचा डायनामो, उतरवून कार्बन ब्रश आणि कटआउट, म्हणजे चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, तपासत बसलो. दोन तासांनी मेस्तरींनी दुसऱ्या बॅटरीवर नुसती चावी फिरवली आणि बॅटरीचा लाल दिवा लागतच नाही, हे मला दाखवले.

पुष्कळ जुन्या गाड्यांत हा दिवा केवळ इशाऱ्यासाठी नसतो. चावी चालू केली की त्याच्यातूनच थोडा करंट रोटरच्या, म्हणजे डायनामोतल्या फिरत्या भागाच्या, कॉइलला मिळतो, तिच्यात चुंबकत्व येते आणि इंजिन सुरू झाल्यावर डायनामो चार्जिंग धरतो. बल्ब गेलेला असेल तर इंजिन बरेच रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही, कधी कधी होतच नाही. म्हणून त्या जागी मूळ वॅटचाच बल्ब बसवावा. एलईडीतून पुरेसा करंट जात नाही. ती हौस मीटरच्या उजेडाच्या बल्बांपुरती ठेवावी. मीटर काढण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी आणि होल्डर ओढू नये, अलगद फिरवून काढावा, कारण मागची छापील सर्किटची पट्टी फाटली तर काम फार वाढते.

मग मल्टिमीटर घ्यावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट मिळतात आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. हेडलाइट व ब्लोअर लावल्यावर आकडा 13 च्या खाली उतरला, तर आधी बेल्टचा ताण, बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंग पाहावे; डायनामो त्यानंतर. आकडा 15 च्या वर गेला तर कटआउटवर संशय घ्यावा. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, बॅटरीचे पाणी आधीच भराभर आटते, आणि त्यात असे जादा चार्जिंग झाले की बॅटरी लवकर निकामी होते.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासण्याची जुनी रीत अजूनही काही ठिकाणी दिसते. कोणी कितीही आग्रह केला तरी ती वापरू नका. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळते आणि डायनामोचे डायोड जळू शकतात.