गाडीचा रिमोट चालत नाही? आधी या चुका टाळा

‘भाऊ, रिमोट गेला, नवाच टाकून द्या’ असं म्हणत जे लोक दुकानात येतात, त्यांतल्या बहुतेकांचा रिमोट गेलेला नसतो. सेल संपलेला असतो, गाडीची बॅटरी बसलेली असते, नाहीतर रिमोट घरी कोणीतरी चाकूनं उघडून पाहिलेला असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो आणि त्याच त्या चुका दर हंगामात पाहतो. नवा रिमोट आणि त्याचं प्रोग्रॅमिंग हजारांत जातं, सेल मात्र शंभराच्या आत येतो. हा फरक खिशाला लागणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रिमोट हातात घेण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: दुसरी चाबी कुठं आहे? ती घरी कपाटात असते, आणि गाडी घेतल्यापासून ती कोणी लावूनही पाहिलेली नसते. दोन्ही चाब्यांचे रिमोट एकाच दिवशी बंद पडले, तर दोष बहुधा गाडीकडे असतो. एक चालतो आणि एक नाही, तर दोष रिमोटमध्ये. एवढं घरच्या घरी पाहून आलात तर अर्धं काम झालेलं असतं.

कव्हर बदलताना चिप फेकू नका

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. फ्लिप चाबीचं कव्हर वर्षा-दोन वर्षांत ढिलं होतं, बटनाचं रबर फाटतं. मग ऑनलाइन किंवा बाजारात दीड-दोनशेचं कव्हर घ्यायचं, जुन्यातली हिरवी प्लेट काढून नव्यात बसवायची आणि जुनं कव्हर फेकून द्यायचं. दार रिमोटनं उघडतं, माणूस खूश होतो. पण गाडी चालू होत नाही.

दोन वर्षांमागं उन्हाळ्यात दारव्ह्याकडच्या एका गावातून एक गाडी ट्रॅक्टरनं ओढत आणली. घरच्या म्हाताऱ्या आईला सकाळी यवतमाळला दवाखान्यात न्यायचं होतं. सोबत पोरगा होता.

‘भाऊ, रात्री चांगली होती गाडी. सकायपासून सेल्फ घेऊन राहिली, पन चालूच नाही होऊन राहिली.’

गावातल्या मिस्तरीनं तोवर प्लग काढून पाहिले होते, पेट्रोल पंपाचा फ्यूज बदलला होता आणि पंपच बदलावा लागेल असं सांगून ठेवलं होतं. मी चाबी फिरवली, तर मीटरवर कुलपाचा दिवा लुकलुकत होता. चाबीकडं पाहिलं, कव्हर कोरं करकरीत.

‘कव्हर कधी बदललं?’

‘काल रात्री. मीच बदललं.’

‘जुनं कुठी हाय?’

‘ते त फेकलं उकिरड्यावर.’

मी त्याला मोटारसायकलवर तसाच परत पाठवला. जुन्या कव्हराचा खालचा अर्धा भाग सापडला, वरचा नाही. नशीब एवढंच की चिप खालच्या भागातच होती, गोंदानं चिकटवलेली, साधारण 12 मिलिमीटर लांब, काळी, अगदी प्लास्टिकचा तुकडा वाटावी अशी. ब्लेडनं हळूच सोडवली, नव्या कव्हरात बसवली, गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. ती सापडली नसती तर नवी कोरी चिप घेऊन ती गाडीला शिकवावी लागली असती. आणि आईचा दवाखाना तर त्या दिवशी हुकलाच.

हे का होतं ते समजून घ्या. चाबीत दोन वेगळी कामं असतात. दार उघडणारा रिमोट रेडिओ लहरी सोडतो, त्याला सेल लागतो. गाडी चालू करू देणारी इमोबिलायझरची चिप वेगळी. तिला सेल लागतच नाही. चाबी फिरवायच्या जागेभोवती तारेचं एक कडं असतं, ते चिपला जागच्या जागी वीज देतं आणि तिचा नंबर वाचतं. नंबर जुळला नाही की काही गाड्या नुसत्या सेल्फ घेतात, काही चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडतात. म्हणून फिरवायच्या चाबीच्या गाडीत ‘रिमोटचा सेल संपला, त्यामुळं गाडी चालू होत नाही’ असं कोणी सांगितलं, तर त्याच्या हातात गाडी देऊ नका.

काही चाब्यांत चिप प्लेटवरच असते, काहींत काचेच्या बारीक नळीसारखी असते, काहींत कव्हराच्या खाचेत दडवलेली असते. जुनं कव्हर उजेडात धरून प्रत्येक खाच बघा. आणि गाडी नव्या कव्हरानं निदान आठवडाभर चालेपर्यंत जुनं घरातच ठेवा.

सेल: आकडा वाचा, नंतर विकत घ्या

सेलवर सीआर 2032, सीआर 2025, सीआर 1620 असं लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये, शेवटचे दोन म्हणजे जाडी मिलिमीटरच्या दशांशात. 2032 म्हणजे 20 मिलिमीटर रुंद, 3.2 जाड. 2025 तेवढाच रुंद, पण 2.5 जाड. दुकानदार म्हणतो ‘हाही बसते’, आणि तो बसतोही. मग तो आत हलतो, खड्ड्याच्या रस्त्यावर संपर्क तुटतो आणि रिमोट कधी चालतो, कधी नाही. त्यावर उपाय म्हणून कागदाची घडी कोंबलेले रिमोट माझ्याकडं येतात. कागद काढून, दबलेली पत्ती सरळ करून योग्य सेल टाकला की ते बरे होतात. फक्त ती पत्ती कोणी तोडलेली नसावी.

नवा सेल मल्टिमीटरवर 3 व्होल्टच्या वर दाखवतो. पण नुसतं मोजून काही कळत नाही, कारण थकलेला सेलही मोकळा असताना बरा आकडा दाखवतो. मी बटन दाबून ठेवून मोजतो. दाबल्याबरोबर आकडा धाडकन खाली आला तर सेल गेला. ज्यांच्याकडं मीटर नाही त्यांनी अंतर पाहावं. पूर्वी घराच्या फाटकातून गाडी उघडायची आणि आता दाराला चिकटून उभं राहावं लागतं, म्हणजे सेल शेवटच्या घटका मोजतो आहे. त्याच आठवड्यात बदला.

वर्षानुवर्षं पान-मनिहारीच्या दुकानात उन्हात टांगलेला सेल घेऊ नका. पाकिटावरची तारीख बघा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. काढलेला सेल खिडकीत, टीव्हीवर, कुठंच ठेवू नका. लहान लेकरानं गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आत जखम करतो. शंका आली तरी लगेच दवाखान्यात न्या, वाट पाहू नका.

टीव्हीच्या रिमोटची परीक्षा इथं लागू नाही

मोबाइलचा कॅमेरा समोर धरून बटन दाबायचं आणि दिवा दिसला नाही की रिमोट मेला म्हणायचं. ती परीक्षा इन्फ्रारेडची, म्हणजे टीव्हीचा रिमोट सोडतो त्या डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाची. गाडीचा रिमोट रेडिओवर चालतो, आपल्याकडं साधारण 433 मेगाहर्ट्झवर. कॅमेऱ्यात तो कधीच दिसणार नाही.

गाडीची बॅटरी विसरू नका

खेड्यात गाडी लग्नाला, तहसीलला, दवाखान्याला निघते, बाकी दिवस गोठ्याशेजारी उभी असते. महिनाभरानं रिमोट दाबला तर काही होत नाही. आधी आतला दिवा पेटतो का ते बघा. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. 12 च्या खाली असेल तर रिमोटला हातही लावू नका, बॅटरी चार्ज करा.

त्याचबरोबर एखादं दार किंवा डिकी पूर्ण लागलेली नसेल, किंवा चाबी आतच लटकत असेल, तर बऱ्याच गाड्या रिमोटचं ऐकत नाहीत. कापसाचं गाठोडं डिकीत कोंबून आलेल्या गाड्यांत हे नेहमी होतं. आणि सेल नवा असूनही रिमोट लांबून चालत नसेल, तर स्वस्तातला मोबाइल चार्जर सॉकेटमधून काढून पाहा. त्याच्या गोंधळानं रिमोटचं अंतर कमी होतं.

खिसा आणि पाणी

आपल्याकडं चाबी आणि तंबाखू-चुन्याची डबी एकाच खिशात असते. चुना बटनाच्या फटीतून आत जातो, घामानं ओला होतो आणि संपर्काच्या पत्त्यांवर पांढरी खपली धरतो. त्यात काळ्या मातीची धूळ आणि हंगामात कापसाचे तंतू. हे साफ करायला पेट्रोल वापरू नका, रबर फुगतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, बस.

चाबी धुण्यात गेली किंवा पावसात भिजली, तर सर्वात आधी सेल काढा. बटन दाबून ‘चालते का पाहू’ करू नका, ओल्या प्लेटवर वीज फिरली की नुकसान तिथंच होतं. उघडून सावलीत, पंख्याखाली एक-दोन दिवस ठेवा. तांदळाच्या डब्यात नको, तिथं पिठी लागते. मे महिन्याच्या उन्हात डॅशबोर्डवर तर अजिबात नको. बाहेर 45 अंश असताना आतलं प्लास्टिक हाताला चटका देतं, तिथं सेलही टिकत नाही.

लेकरांच्या हाती खेळणं

प्रत्येक दाबण्याला रिमोट नवा कोड पाठवतो आणि गाडीही मोजत पुढं सरकते. चोरानं कोड रेकॉर्ड केला तरी तो शिळा ठरावा म्हणून ही सोय आहे. घरात लेकरू शंभरदा बटन दाबत बसलं, की रिमोट पुढं निघून जातो, गाडी मागं राहते. गाडीजवळ उभं राहून बटन दोन-तीनदा सलग दाबा, बऱ्याचदा मेळ परत बसतो. ‘कोणताही रिमोट कॉपी करा’ म्हणून जो स्वस्त रिमोट विकतात, तो शटरच्या साध्या कोडला चालतो. बदलत्या कोडच्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही.

बटनस्टार्टवाल्यांनी काच फोडू नये

स्मार्ट चाबीच्या आत लोखंडी चाबी असते. बाजूची छोटी कळ सरकवली की ती बाहेर येते. ड्रायव्हरच्या दाराचं भोक काही गाड्यांत टोपणाखाली लपलेलं असतं. तिनं दार उघडल्यावर काही गाड्यांत भोंगा वाजतो, घाबरू नका. चाबी स्टार्ट बटनाला टेकवा किंवा चाबीनंच ते दाबा, बऱ्याच गाड्या संपलेल्या सेलवरही चालू होतात. नेमकी जागा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, ते पुस्तक गाडी घेतल्याच दिवशी वाचा.

आत लेकरू अडकलं असेल आणि ऊन असेल, तर मात्र यातलं काहीच करत बसू नका. लेकरापासून लांबची काच फोडा.

प्रोग्रॅमिंगला येताना

व्हिडिओ पाहून चाबी चालू-बंद, दार उघड-बंद करण्याचे प्रयोग करू नका. ती पद्धत गाडीगणिक बदलते आणि बऱ्याच गाड्यांत स्कॅनरशिवाय, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्राशिवाय, काम होतच नाही. घाईवाले एकच चाबी घेऊन येतात. कित्येक गाड्यांत नवी चाबी शिकवताना जुन्या सगळ्या पुसल्या जातात, आणि घरी राहिलेली चांगली चाबी त्या दिवसापासून निरुपयोगी होते. म्हणून दोन्ही चाब्या, आरसी बुक आणि आधार सोबत आणा. चाबी हरवली असेल तर पोलिसांत नोंद करा, विमा कंपनीला कळवा आणि हरवलेली चाबी गाडीच्या मेमरीतून काढायला सांगा. गाडी चोरीला गेल्यावर विमावाले दोन्ही चाब्या मागतात, आणि एक कधी हरवली हे तेव्हा कागदानंच दाखवावं लागतं.