लिनक्ससीएनसीतून हवेचा क्लॅम्प चालवताना

जुन्या मिलिंग मशीनला लिनक्ससीएनसी (कॉम्प्युटरवरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलंय आणि जॉब पकडणारा हवेचा क्लॅम्प प्रोग्राममधूनच लावायचाय, तर सुरुवात वायरिंगपासून करा. पॅरलल पोर्ट ५ व्होल्टचा, सोलेनॉइड (हवेचा व्हॉल्व्ह उघडणारी विजेची कॉइल) आणि रीड स्विच (पिस्टनवरचा लोहचुंबक जवळ आला की लागणारा स्विच) २४ चे. मधे ऑप्टोकपलर बोर्ड (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवून सिग्नल प्रकाशाने पोचवणारा) हवाच, नाहीतर पोर्ट गेलाच समजा.

हॅल फाइलमध्ये (लिनक्ससीएनसीच्या आतल्या पिना एकमेकींना जोडणारी फाइल) मोशन, म्हणजे हालचाल सांभाळणाऱ्या भागाची, डिजिटल-आउट-०० पोर्टच्या १६ नंबर पिनला जोडा, आणि १० नंबरची इनपुट डिजिटल-इन-०० ला. मग टर्मिनलवर ‘हॅलसीएमडी शो पिन’ देऊन बघा: स्विचजवळ लोहचुंबक नेला की फॉल्सचं ट्रू व्हायला हवं. कनेक्टर काढूनही ट्रूच दिसत असेल तर जोडणी चुकलीय. तार तुटली की ‘क्लॅम्प सुटला’ असंच दिसलं पाहिजे.

प्रोग्राममध्ये एम६४ पी० ने व्हॉल्व्ह उघडा, पुढच्या ओळीत एम६६ पी० एल३ क्यू५ लिहा: इनपुट चालू होईपर्यंत थांब, फार तर ५ सेकंद. इथेच बहुतेक जण फसतात. वेळ संपली तरी मशीन थांबत नाही, पुढची ओळ घेतं. फक्त ५३९९ पॅरामीटरमध्ये उणे १ पडतो. तो इफ लावून तपासा आणि शून्याखाली असेल तर एम२ ने प्रोग्राम संपवा. एल३ ऐवजी एल१ लिहिलंत, तर क्लॅम्प आधीच लागलेला असताना मशीन उगाच वाट बघत बसेल. एम६४ च्या जागी एम६२ वापरला तर आउटपुट पुढच्या हालचालीबरोबर बदलतो. हालचालच नसेल तर बदलत नाही. कटर कॉम्पेन्सेशन (कटरच्या त्रिज्येएवढा मार्ग सरकवणं) चालू असताना एम६६ चालत नाही, आधी जी४० देऊन ते बंद करा.

पायथॉनमधून इनपुट वाचताना दर वेळी पोल (स्थिती ताजी करून घेणारं फंक्शन) बोलवा, नाहीतर जुनीच स्थिती दिसत राहते. हाताने पिनची किंमत बदलणारा हॅलसीएमडीचा सेटपी सिग्नलला (पिना जोडणाऱ्या हॅलमधल्या तारेला) जोडलेल्या पिनवर चालत नाही. तिथे सेट्स लागतो, आणि त्या सिग्नलवर आधीच एखादी पिन किंमत लिहीत असेल तर तोही नाकारला जातो.

आता खान्देशातला खरा त्रास, लोडशेडिंग. यूपीएसवर कॉम्प्युटर चालू राहतो, कॉम्प्रेसर बंद पडतो. आउटपुट चालू, रीड स्विचही ट्रू, कारण त्याला पिस्टनची जागा कळते, दाब नाही. म्हणून लाइनवर प्रेशर स्विच बसवा आणि दाब पडला की मोशनची फीड-इनहिबिट पिन ट्रू होईल असं जोडा. फीड शून्यावर येतो. स्पिंडल मात्र फिरतच राहतो, हात लगेच आत घालू नका.