आपल्या स्वभावाचा परफ्यूम कसा शोधावा

बडबड्या माणसाने फुलांचा परफ्यूम लावावा, अबोल माणसाने चंदनाचा आणि धाडसी माणसाने चामड्याच्या वासाचा, असं सांगणारे तक्ते जागोजागी दिसतात. एकदा मी तसल्या तक्त्याप्रमाणे खरेदी केली आणि पस्तावले. माझ्या ओळखीतली सगळ्यात अबोल मैत्रीण निशिगंधाचा असा घमघमता परफ्यूम लावते, की ती उठून गेल्यावरही अर्धा तास तिची खुर्ची भरलेली वाटते. आणि तो तिलाच शोभतो.

तक्त्यापेक्षा तुमचं नाक भरवशाचं, याला आधारही आहे. प्रागमधल्या संशोधकांचा २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसाच्या अंगाच्या वासात त्याने स्वतः निवडलेला परफ्यूम मिसळला, की तो वास इतरांना जास्त आवडला. त्याच अंगावर दुसराच परफ्यूम लावला, तर कमी. गंमत म्हणजे, नुसते हुंगले तर ते परफ्यूम आवडण्यात काही फरक नव्हता. म्हणजे स्वतःसाठी निवडताना आपण नकळत आपल्या अंगाला जुळेल असंच काहीतरी शोधत असतो. ते शोधायला वाव देणं, एवढंच आपलं काम.

पहिली पायरी: यादी. ‘मी कशी व्यक्ती आहे’ हा प्रश्न सोडून द्या, त्याचं खरं उत्तर कोणी देत नाही. ज्या वासांपाशी तुम्ही आपसूक थांबता ते पाच लिहा: रंधा मारलेलं लाकूड, नवं पुस्तक, इस्त्रीचे गरम कपडे, ओली माती, काहीही. मग डोकं उठवणारे तीन लिहा. नावडत्यांची यादी जास्त कामाची असते, कारण आवडीच्या बाबतीत आपण स्वतःशीही थापा मारतो.

दुसरी पायरी: चार नमुने. परफ्यूमतज्ज्ञ मायकेल एडवर्ड्स यांच्या सुगंधचक्रात, म्हणजे वासांची वर्गवारी दाखवणाऱ्या चक्रात, चार मोठी कुळं आहेत: फुलांचं, अंबरचं (ऊबदार, गोडसर), लाकडी आणि ताजं. यादीला जवळच्या दोन कुळांतले मिळून चार नमुने घ्या. छोट्या कुपीतले, मोठी बाटली नको.

तिसरी पायरी: अंगावर लावणं आणि वाट बघणं. सगळं इथे बिघडतं. माझंही इथेच बिघडलं होतं.

मी एक परफ्यूम कागदी पट्टीवर हुंगला. संत्र्याची साल सोलताना बोटांवर तुषार उडतात ना, तसा वास. स्वच्छ, चटपटीत, अगदी मी! पाच मिनिटांत पैसे मोजून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी लावून कामाला गेले. दुपारी कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावलं, तर संत्रं बेपत्ता आणि त्याच्या जागी जाड, चिकट, गोड व्हॅनिला. दिवसभर परक्याचा कोट घालून फिरल्यासारखं वाटत राहिलं.

फसवणूक कोणी केली नव्हती, घाई मी केली होती. परफ्यूममधली हलकी द्रव्यं आधी उडतात. लिंबू-संत्र्याच्या जातीचे वास साधारण पंधरा-वीस मिनिटांत विरतात, मग फुलं आणि मसाले वर येतात. चंदन, व्हॅनिला, कस्तुरीसारखे जड वास तळाशी कितीतरी तास टिकतात. दुकानात तुम्ही जे हुंगता ती नुसती प्रस्तावना असते. लोकांना दिवसभर जाणवतो तो तळ, आणि तुमच्या स्वभावाशी जुळवायचा असतो तोही तळच. कागदाला ऊब नसते आणि त्वचेचा तेलकटपणाही नसतो, म्हणून पट्टीवरून फक्त नकार ठरवावा, होकार कधीच नाही.

तेव्हा एका हाताला एक, दुसऱ्याला दुसरा, बस्स. तिसरा लावलात तर तिन्हींची खिचडी होते. लावल्यावर मनगटं एकमेकांवर घासू नका. त्याने ‘रेणू चिरडतात’ ही थाप आहे, पण घासल्याच्या उबेने वरचे वास लवकर उडतात आणि दोन हातांवरचे दोन परफ्यूम एकमेकांत मिसळतात, हे मात्र खरं. वास घ्यायच्या वेळा ठरवा: लगेच, अर्ध्या तासाने, चार तासांनी आणि झोपण्याआधी. चारही वेळा एकेकच शब्द लिहा. माझ्या वहीत एका परफ्यूमपुढे ‘लिंबू, साबण, आजारपण, कापूस’ असं लिहिलेलं आहे. तिसऱ्या शब्दामुळे तो बाद झाला.

मधल्या काळात सारखं हुंगत बसू नका. नाक सरावतं आणि मग वास उडाला असं वाटून आपण आणखी फवारतो. कॉफीच्या बिया हुंगून नाक ताजं होतं, या समजुतीचीही चाचणी झाली आहे, आणि बिया साध्या हवेपेक्षा सरस ठरल्या नाहीत. बाहेर जाऊन श्वास घ्या, झालं.

याहून अवघड गोष्ट म्हणजे प्रत्येकाचं नाक वेगळं असतं. काही जणांना कस्तुरीसारख्या काही कृत्रिम द्रव्यांचा वास जवळजवळ येतच नाही. व्हायोलेटच्या फुलाला वास देणारं बीटा-आयोनोन काहींना फुलासारखं वाटतं, तर काहींना आंबूस, आणि हा फरक बराचसा एका जनुकामुळे पडतो. म्हणून ‘मला तर येतच नाहीये’ म्हणत पाच फवारे मारण्याआधी दुसऱ्या कोणालातरी विचारा.

विचारायचं कसं, हेही मी उशिरा शिकले. ‘कसा आहे?’ विचारलं की सगळे ‘छान’ म्हणतात. ‘हा वास माझा वाटतो का?’ असं विचारा. धाकट्या बहिणीला हा प्रश्न विचारला, तेव्हा ती हुंगून म्हणाली, “ताई, हा तुझा नाही. तू ज्या बाईला घाबरतेस ना, तिचा वाटतो.” दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. पण बरोबर होतं तिचं. तो मी धाक बसवायला निवडला होता, चार लोकांनी दबून राहावं म्हणून. आपण नाही तसं दिसण्यासाठी परफ्यूम लावण्यात गैर काही नाही, नाटकी कपडेही आपण घालतोच. फक्त तो त्या कामापुरता ठेवा, रोजचा म्हणून घेऊ नका.

चौथी पायरी: वापर. उरलेला एक-दोन नमुना आठवडाभर लावा, त्यात एक कंटाळवाणा आणि एक चिडचिडीचा दिवस यायला हवा. चांगल्या मूडमध्ये कुठलाही वास आपलासा वाटतो. रात्री कपडे बदलताना कॉलर नाकाशी धरा. तोंड वळवावंसं वाटलं तर विषय संपला. त्वचेला खाज आली तर वास कितीही आवडो, बंद. बर्गमॉटचं (लिंबू-संत्र्याच्या जातीचं एक फळ) तेल असलेला परफ्यूम उघड्या त्वचेवर लावून उन्हात जाऊ नका, काळे डाग पडू शकतात.

पाचवी पायरी: खरेदी. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली द्रव जातो, म्हणजे २ मिलीची कुपी वीसेक फवारे पुरते. ती संपल्यावर तळाशी उरलेल्या थेंबासाठी तुम्ही कुपी झटकत असाल, तर बाटली घ्या, तीही आधी ३० मिलीचीच. रोज दोन फवारे मारले तरी पाच महिने जाते. कपाटात ठेवा, बाथरूममध्ये नको.