केळीच्या काट्यावर शिका वॉटरफॉल आणि स्क्रम

वॉटरफॉल म्हणजे एक टप्पा पुरा करूनच पुढच्याकडे जायची, सॉफ्टवेअर बनवायची पद्धत. तिचे टप्पे बीसीएच्या पोरांना झोपेतही म्हणता येतात. ‘मग तुमच्या प्रोजेक्टला हीच पद्धत का?’ असं तोंडी परीक्षेत विचारलं की गाडी अडते. त्यावर उपाय म्हणजे एकच छोटं, खरं काम घ्या आणि ते वॉटरफॉल आणि स्क्रम (थोडं थोडं पुरं करून दाखवत जायची पद्धत) अशा दोन्ही पद्धतींनी करून पाहा. रावेर, यावल, चोपड्याकडचे असाल तर केळी व्यापाऱ्याची काटा-पावती, म्हणजे मालाच्या वजनाची आणि पैशांची पावती, काढणारं सॉफ्टवेअर घ्या.

आधी लॅपटॉप बंद. काट्यावर अर्धा दिवस बसा, दहाएक जुन्या पावत्या पाहा, आणि तिथले शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा: नवती, पिलबाग, वापसी, असे केळीच्या मालाचे प्रकार. प्रत्येकाचा भाव वेगळा, तोही रोज बदलणारा. पोरं इथेच फसतात. भाव डेटाबेसमधल्या मालाच्या टेबलात (तक्त्यात) एका रकान्यात ठेवतात आणि पावती त्यावरून हिशोब करते. समजा काल 10.5 क्विंटलला 1,200 चा भाव होता, म्हणजे 12,600 रुपये. आज भाव 1,150 केला की कालचीच पावती उघडल्यावर 12,075 दाखवते! म्हणून त्या दिवशीचा भाव पावतीच्या ओळीतच साठवा.

मग कॉन्टेक्स्ट डायग्राम, म्हणजे सॉफ्टवेअर आणि बाहेरच्यांमधली माहितीची देवाणघेवाण दाखवणारी आकृती, काढा: मधे सॉफ्टवेअरचं एक वर्तुळ, बाहेर शेतकरी, व्यापारी, काटेवाला. प्रत्येक बाणाला नाव हवं, आणि या पातळीवर डेटा स्टोअर (माहिती साठवायची जागा) दाखवायचं नसतं.

पहिली फेरी वॉटरफॉलची. गरजांचा दस्तऐवज तीन-चार पानांचा करा, व्यापाऱ्याला वाचून दाखवा, मग गोठवा. त्यानंतर आलेला प्रत्येक ‘एवढं टाका ना भाऊ’ तारखेसह लिहा आणि त्यापायी किती पानं, किती टेबलं बदलावी लागली तेही. हीच वही पुढे कामाला येते.

दुसरी फेरी स्क्रमची. स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक ठरलेला टप्पा, दोन आठवड्यांचा ठेवा. नियमाने तो महिन्याहून लांब नसतो. रोजची बैठक 15 मिनिटं, तीही सरांना हजेरी द्यायला नव्हे, अडलेलं सांगायला. ‘झालं’ म्हणजे काय ते आधी ठरवा: पावती छापली गेली आणि व्यापाऱ्याने स्वतः एक काढून पाहिली. नाहीतर चौघांची चार कामं नव्वद टक्क्यांवर लटकतात आणि दाखवायला काहीच नसतं. कोड आधी आणि आकृत्या शेवटच्या रात्री, ही चलाखी परीक्षकाला दुसऱ्या प्रश्नातच कळते.

इतिहासातल्या दोन चुका टाळा. अमेरिकन संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या 1970 च्या लेखाला वॉटरफॉलचं मूळ मानतात, पण एकाच दिशेने सरळ जाणं धोक्याचं, हे त्यांनीच त्यात लिहिलं होतं. आणि स्क्रम ॲजाइल जाहीरनाम्यातून (बदल सामावून घेणाऱ्या पद्धतींची तत्त्वं मांडणाऱ्या) निघालेला नाही: तो 1995 मध्ये मांडला गेला, जाहीरनामा 2001 चा.

‘हीच पद्धत का?’ याला आता वही उघडून उत्तर द्या: गोठवल्यानंतर बदल किती आले आणि प्रत्येकाने किती टेबलं हलवली.