डबाबंद तेलकट मासे: या चुका टाळा

सार्डिन, मॅकरेल, सामन, हेरिंग हे तेलकट मासे. त्यांच्या मांसातच चरबी असते आणि त्या चरबीत ईपीए व डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं आणि ड जीवनसत्त्व असतं. डबाबंद करताना मासा डब्यातच जास्त तापमानाला शिजतो, तरी हे घटक बऱ्यापैकी टिकतात. प्रथिनं, बी-१२ आणि सेलेनियमही भरपूर मिळतं. त्यामुळे ‘ताजा नाही म्हणजे निकस’ हा समज आधी सोडून द्यावा. खरं नुकसान डबा निवडताना आणि उघडल्यावर होतं.

काटे काढून टाकणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. काट्यांसकट खाल्लेल्या १०० ग्रॅम डबाबंद सार्डिनमधून साधारण ३५० ते ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. तेवढ्याच दुधात ते सुमारे १२० असतं. हे कॅल्शियम मुख्यतः काट्यांतच असतं. ते वेचून टाकले, किंवा ‘बोनलेस’ डबा घेतला, तर हा फायदा जवळजवळ संपतो. कॅल्शियम शरीरात शोषलं जायला ड जीवनसत्त्व लागतं आणि या माशांत दोन्ही एकत्र मिळतात. असे पदार्थ फार थोडे आहेत. दूध न पचणाऱ्या मुलांसाठी आणि हाडं ठिसूळ होऊ लागलेल्या वडीलधाऱ्यांसाठी म्हणूनच मी हा डबा आग्रहाने सुचवते.

काटा घशात अडकेल ही भीती रास्त आहे. पण डब्यातला काटा दाबाखाली शिजून इतका मऊ होतो की दोन बोटांत चुरडला जातो. मुलांना देताना मासा चमच्याच्या पाठीने पूर्ण कुस्करा आणि मग बोटांनी चाचपून पाहा. सामनच्या मणक्याचा एखादा तुकडा चुरडला जात नसेल तर तेवढाच काढा.

ट्यूनालाही तेलकट मासा समजणं

डबाबंद ट्यूना प्रथिनांसाठी चांगला, पण ओमेगा-३ साठी कमी पडतो. सार्डिनमध्ये १०० ग्रॅमला साधारण १ ग्रॅम ईपीए-डीएचए असतं. पाण्यातल्या साध्या ट्यूनात बहुधा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ब्रिटनची आरोग्यसेवा ट्यूनाला तेलकट माशांत धरतच नाही. शिवाय मोठे शिकारी मासे लहान मासे खात वर्षानुवर्षं पारा साठवत जातात. सार्डिन लहान, कमी आयुष्याचा आणि प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर) जगणारा, म्हणून त्यात पारा कमी असतो. मॅकरेलच्या बाबतीत नाव नीट वाचा: अटलांटिक मॅकरेल चालतो, पण किंग मॅकरेलमध्ये पारा जास्त असल्याने तो गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना देऊ नये.

तेल ओतून देणं

तेलातल्या डब्यात माशाची थोडी चरबी त्या तेलात उतरते. तेल ओतून दिलं की तिच्यासोबत थोडं ओमेगा-३ही जातं. पाण्यात चरबी विरघळत नाही, त्यामुळे पाण्यातला मासा निथळला तरी फारसं बिघडत नाही. तेल नकोच असेल तर सरळ पाण्यातला डबा घ्या. ऑलिव्ह तेलातला घेतला तर ते तेल जेवणातच वापरा.

मिठाकडे न पाहणं

लेबलवर सोडियम दिलं असेल तर त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ कळेल. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाच्या आत आहे. ब्रिटनच्या सल्ल्यानुसार १ ते ३ वर्षांच्या मुलांसाठी ती २ ग्रॅम आणि वर्षाच्या आतल्या बाळांसाठी १ ग्रॅमहूनही कमी आहे. तेव्हा मुलांसाठी खारवणीतला डबा टाळा आणि वरून मीठ घालू नका. अँचोव्ही हाही तेलकट मासा, पण इतका खारवलेला असतो की तो चवीपुरताच वापरावा. मुलांचं जेवण म्हणून मुळीच नाही.

‘पौष्टिक आहे’ म्हणून रोज देणं

मोठ्यांना आठवड्यातून दोनदा मासे, त्यातला एकदा तेलकट, सुमारे १४० ग्रॅम: ब्रिटनचा हा सल्ला मला पटतो. मुलांचा वाटा लहान असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या हिशोबाने १ ते ३ वर्षांच्या मुलाला एका वेळी सुमारे २८ ग्रॅम, तर ४ ते ७ वर्षांच्या मुलाला ५७ ग्रॅम पुरतात. तेलकट माशांत डायॉक्सिनसारखी प्रदूषकंही थोडी साठतात, म्हणून मुली, गरोदर आणि पुढे मूल हवं असलेल्या स्त्रियांनी आठवड्याला दोनपेक्षा जास्त वाटे घेऊ नयेत. गाउटचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण सार्डिन आणि अँचोव्हीत प्युरीन, म्हणजे शरीरात युरिक ॲसिड वाढवणारा घटक, भरपूर असतं.

बाळाला पहिल्यांदा देताना अगदी थोडा द्या, दिवसा द्या, आणि त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ देऊ नका. माशांची ॲलर्जी ठाऊक असेल तर डबाबंदही नकोच.

उघडा डबा तसाच ठेवणं

उरलेला मासा झाकणाच्या काचेच्या भांड्यात काढून लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. बाहेर राहिला तर जिवाणू त्यात हिस्टामीन तयार करतात, आणि ते पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. खाताना जीभ चुरचुरली किंवा मिरीसारखी तिखट चव लागली तर तो मासा टाकून द्या. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं ही हिस्टामीनच्या विषबाधेचीच लक्षणं, आणि अनेकदा त्यांना ॲलर्जी समजलं जातं.

सामन किंवा ट्यूनात कधी काचेसारखे खडे दिसतात. ते बहुतेक वेळा स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे निरुपद्रवी स्फटिक असतात. कोमट व्हिनेगरमध्ये ठेवून पाहा: स्फटिक हळूहळू विरघळतो, काच विरघळत नाही. सामनवरचा पांढरा साका म्हणजे गोठलेलं प्रथिन. तो खुशाल खा. मात्र डबा फुगलेला, गळका किंवा सांध्यावर चेपलेला असेल तर तो न उघडता टाकून द्या. ‘जरा चाखून बघू’ असं तर अजिबात करू नका, कारण बोट्युलिनम या जिवाणूच्या विषाला ना वास असतो ना चव.