उघडीप पकडायची कशी? पावसाळा सरताना डोंगरातले फोटो

फोटोग्राफीच्या कुठल्याही ग्रुपवर विचारा, सल्ला एकच मिळतो: गोल्डन अवरला, म्हणजे सूर्योदयानंतर किंवा सूर्यास्ताआधीच्या तासाभरात, जा. सप्टेंबरच्या शेवटी राजगडावर जाऊन बघा म्हणावं. सूर्योदयाला सगळं धुक्यात, संध्याकाळी सर येते, आणि खरी मजा असते सकाळी नऊ-दहाला, ढग फाटतात आणि उनाचा एक तुकडा संजीवनी माचीवरून सरकत जातो तेव्हा. अर्धा मिनिट टिकला तर नशीब. खाली जे सांगतोय ते त्या अर्ध्या मिनिटासाठी.

बॅटरी, कार्ड, रेनकव्हर, लेन्स पुसायला कोरडी फडकी हे तुम्ही घेतलेलंच असणार. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढायचं, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ ८ (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान). पुढ्यात सोनकीची फुलं घ्यायची असतील तर एफ ११. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) डेलाइटवर ठेवून विसरून जा, ऑटोवर ठेवलात तर सावलीतली फ्रेम एका रंगाची आणि उन्हातली दुसऱ्याच, मग घरी बसा जुळवत.

फ्रेम आधी ठरवा. बालेकिल्ल्यावरून संजीवनीकडे तोंड केलं की मागे तोरणा येतो आणि या वेळेला सूर्य साधारण पाठीशी असतो. ट्रायपॉड लावा, सेंटर कॉलम वर काढू नका (वारा असतो), फोकस तटबंदीवर लॉक करा. इतक्या वेगवान शटरला ट्रायपॉड कशाला असं कोणीतरी म्हणेलच. फ्रेम जागची हलू नये म्हणून, कारण ऊन आल्यावर कंपोझिशन शोधत बसलात तर ऊन गेलेलं असतं.

आता एक्सपोजर. इथेच सगळे फसतात आणि इथेच सगळ्यात वाईट सल्ले मिळतात, मलाही हे बसायला बराच काळ गेला.

आत्ता जो उजेड आहे त्याचं सेटिंग करायचंच नाही, जो येणार आहे त्याचं करायचं. फिल्मच्या काळातला हिशोब अजून चालतो: लख्ख ऊन असेल तर एफ १६ ला शटर १/आयएसओ, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००, तेच एफ ८ ला १/४००. वर ढग पांढरेशुभ्र चमकणार म्हणून मी १/५०० किंवा १/६४० वरच सुरू करतो (एफ ११ ला गेलात तर शटरचा वेग निम्मा करा, १/५०० चं १/२५०). दाट ढगाखाली कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर १/५० च्या आसपास सांगत असतो, तीन स्टॉपहून जास्त फरक झाला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), त्यामुळे सावलीत मीटर बघून ठेवलेलं सेटिंग ऊन आल्या क्षणी गवतासकट ढग पांढरेफटक करून टाकतं. अपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) आहे की, ती आपोआप बदलेल, असं म्हणू नका. उनाचा तुकडा फ्रेमच्या मानाने लहान, बाकी सगळा डोंगर काळा, मीटर त्या काळ्याला उजळायला जातो आणि नेमका तो तुकडाच जळतो.

म्हणून मॅन्युअल. ऊन येईपर्यंत स्क्रीनवर फ्रेम काळीकुट्ट दिसेल, दिसू दे, हात लावू नका.

मग स्क्रीन सोडा आणि तोरण्याकडे बघा. या दिवसांत ढग बहुतेक वेळा पश्चिमेकडूनच येतात, म्हणजे ढगाची सावली आणि मधली उघडीप आधी तोरण्यावर दिसते, मग मधल्या खोऱ्यात उतरते, मग माचीवर. हे दोन-तीनदा नुसतं बघितलं की ऊन कधी पोचणार याचा अंदाज बसतो. पोचलं की एक काढा, हायलाइटची लुकलुक (जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो) बघा, ढगात मोठा भाग लुकलुकत असेल तर शटर एक क्लिक वेगवान करा आणि मग ऊन जाईपर्यंत काढत राहा. सोनकी फ्रेममध्ये असेल तर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावा, पिवळ्या फुलात लाल चॅनल सगळ्यात आधी फुटतो आणि एकत्र आलेखात ते कळतही नाही.

ब्रॅकेटिंग करून (कमी-जास्त उजेडाच्या तीन फ्रेम काढून) एचडीआर बनवा, म्हणजे त्या जोडून एक फोटो करा, हा सल्ला या फोटोपुरता तरी कचऱ्यात टाका. तीन फ्रेम निघेपर्यंत सावली पुढे सरकलेली असते, गवत हललेलं असतं, आणि जोडल्यावर असा फोटो होतो ज्यात उजेड कुठून येतोय तेच समजत नाही.

धुकं सगळीकडून आलं तर मात्र उलटं करा. मीटर पांढऱ्याला राखाडी करतो, त्यामुळे मीटरपेक्षा पाऊण ते एक स्टॉप जास्त द्या. इंद्रधनुष्य दिसलं आणि लेन्सवर पोलरायझर (चमक कमी करणारा फिरता फिल्टर) असेल तर फिरवून बघा, एका कोनात ते चक्क पुसलं जातं.

एडिटिंगला फार वेळ लागत नाही, लागत असेल तर फ्रेम चुकीची निवडलीय. प्रोफाइल न्यूट्रल, हायलाइट थोडे खाली, झालं. शॅडोचा स्लायडर शंभरवर नेऊन सगळा डोंगर सपाट उजळणारे लोक बघितले की वाईट वाटतं, अहो त्या सावलीमुळेच तर तो तुकडा उठून दिसत होता! सावली अगदीच काळी वाटली तर मास्क करून (तेवढाच भाग निवडून) फक्त पुढच्या दगडांवर अर्धा स्टॉप द्या. डीहेझ (धुरकटपणा काढणारा स्लायडर) पूर्ण फोटोवर लावू नका, आकाश घाण होतं. तोरण्यावर मास्क करून दहा-पंधरा, बास.

आणि तो हिरवा. पावसाळ्यातलं गवत उन्हात मुळातच भडक असतं, कॅमेरा ते अजून भडकवतो. ग्रीनचं सॅच्युरेशन पंधरा-वीसने कमी, ह्यू (रंगछटा) जरासा पिवळ्याकडे, ल्युमिनन्स (रंगाचा उजळपणा) थोडा खाली. मग फोनवर टाकून ब्राइटनेस निम्मा करून बघा, तरीही गवत प्लॅस्टिकचं वाटत असेल तर अजून पाच कमी करा आणि एक्स्पोर्ट मारा.