११२ ला कॉल करताना या चुका टाळा, खोट्या माहितीला जेल आहे

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळाच्या पाण्यावरून दोन घरांचं वाजलं. सोलापुरात पाणी काय रोज येत नाही, त्यामुळं नळ आला की भांडण ठरलेलंच. एकानं रागारागात ११२ ला फोन लावला आणि सांगितलं की शेजाऱ्यानं तलवार काढलीय. पोलीस धावत आले, बघतात तर तलवार कुठली ओ, घागरी घेऊन दोन बायका तोंडानं भांडतायत. त्याचं म्हणणं असं की वाढवून सांगितल्याशिवाय कोण लवकर येत नाही. हीच सगळ्यात मोठी चूक, आणि बरेच जण करतात.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झालीय, तिचं कलम २१७ याच्यासाठीच आहे. खोटं आहे हे माहीत असूनही सरकारी माणसाला माहिती दिली, आणि त्यानं एरवी केलं नसतं ते करावं किंवा दुसऱ्याला त्रास व्हावा असा हेतू असला, तर १ वर्षापर्यंत कैद नाहीतर १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या आयपीसीत हेच कलम १८२ होतं, तिथं ६ महिने आणि १,००० रुपये होते, म्हणून अजून कट्ट्यावर लोक सांगतात की हजार भरून सुटतो. ते विसरा. अजून एक, शेजारी "मिटवून घेऊ" म्हणाला म्हणून केस मिटत नाही, कारण यात कोर्टात लेखी तक्रार त्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लागते, शेजाऱ्याची नाही.

एखाद्याला अडकवायचं म्हणून त्याच्यावर गुन्ह्याचा खोटा आरोप केला तर मामला आणखी जड होतो. कलम २४८, ५ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि आरोप खुनासारखा असला तर १० वर्षांपर्यंत. जागेच्या वादात असली धमकी देणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत "बॉम्ब आहे" म्हणून फोन करणं किंवा तसला मेसेज पुढं ढकलणं, ही मजा नाही. तिथं लेकरं, म्हातारी माणसं असतात, एकदा पळापळ झाली तर कुणाला सावरायचं? लोकांत घबराट पसरवणाऱ्या अफवेला कलम ३५३ खाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि जुन्या फोनवरून केला तर सापडत नाही हा गैरसमज आहे, ११२ च्या कंट्रोल रूमला नंबर दिसतो.

आता उलटी चूक, जी मला जास्त टोचते. चुकून कॉल लागला, पॉवर बटण पटापट दाबलं गेलं किंवा पोरानं फोन खेळायला घेतला, की लोक घाबरून कट करतात आणि फोनच बंद करून ठेवतात. असं करू नका. लाईनवर थांबा, चुकून लागला म्हणून सांगा, नाव आणि जागा सांगा. चूक हा गुन्हा नाही, जाणूनबुजून खोटं बोलणं हा गुन्हा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्या कारखान्यातनं धूर दिसला, तुम्ही आग समजून १०१ ला कळवलं आणि तो बॉयलरचा निघाला, तर तुमच्यावर काही होत नाही. "खोटं निघालं तर?" या भीतीनं खरा कॉल थांबवू नका, टॉवेलच्या कारखान्यात सूत पेटायला किती वेळ लागतो हे आपल्याला कुणी सांगायला नको.

रेल्वेची साखळी पण यातच धरा. भाऊ स्टेशनवर पार्किंग शोधतोय म्हणून सिद्धेश्वर एक्स्प्रेसची साखळी ओढली, तर रेल्वे कायदा कलम १४१, १ वर्षापर्यंत कैद किंवा १,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि कॉल केल्यावर भांडण थांबलं, माणूस शुद्धीवर आला, तर परत ११२ ला फोन करून सांगा. गाडी रस्त्यात असली तरी दुसऱ्या कुणाकडं वळवता येते.